वीस नाणी आणि रकाना क्रमांक सात

मिलीग्रॅमसाहेब चांदी घ्यायला म्हणून सराफाच्या दुकानात शिरले आणि त्याच दुकानाचा काटा सील करून बाहेर पडले, हे खरं आहे. पण सराफाने चहा विचारला नाही म्हणून त्यांनी तसं केलं, असं जे बाजारात सांगतात, ते साफ खोटं आहे. चहा विचारला होता. साहेबांनीच नको म्हटलं. वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं निरीक्षक असलेल्या माणसाने दुकानदाराचा चहा घ्यायचा नसतो, हा त्यांचा स्वतःचा नियम होता, आणि खात्याच्या सगळ्या नियमांपेक्षा तो कडक होता.

'मिलीग्रॅम' हे नाव बाजारानेच दिलेलं. तोंडावर 'साहेब', पाठ वळली की 'मिलीग्रॅम'. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दुसऱ्या निरीक्षकांना बाजाराने कसली नावं ठेवली होती ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्या मानाने मिलीग्रॅम ही पदवीच म्हणायची.

तर चांदीचं खूळ डोक्यात घातलं ते वरच्या मजल्यावरच्या कॅशियरकाकांनी. या गृहस्थांनी बँकेत चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, की नोटा म्हणजे निव्वळ कागद. जिन्यात गाठ पडली की ते कठड्याला रेलून उभे राहायचे आणि जगाची अर्थव्यवस्था खाली उतरवायचे. समोरच्याच्या पिशवीतलं दूध नासून जाईल याची त्यांना फिकीर नसे.

"साहेब, वादळ येतंय," ते म्हणाले. "घरात रोकड ठेवलीय का?"

"माझी नाही. हिची आहे थोडी."

"चांदी घ्या! आजच्या आज! सोनं आपल्याला परवडत नाही, जमिनीला वकील लागतो, बँकेबद्दल तर मला विचारूच नका, मी आत बसून आलोय. चांदीचं नाणं कसं, डब्यात टाकलं की सुटलात."

आता 'हिची थोडी' म्हणजे काय, ते सांगायला हवं. साहेबांची बायको नऊ वर्षं घराच्या दारातल्या बोळात मशीन ठेवून शिवणकाम करत होती. बोळ इतका चिंचोळा, की कोणी आलं-गेलं की तिला उठून मशीन भिंतीला सरकवावं लागे. साहेब ऑफिसला जाताना एकदा, येताना एकदा, आणि विसरलेला चष्मा न्यायला परत आले की आणखी दोनदा. आता कुठे पोस्टामागच्या रस्त्यावर एक छोटा गाळा तिला मिळायचा होता. तीन महिन्यांनी तो रिकामा होणार होता. मालकाची अट एकच: त्या महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत अनामत रक्कम हातात. नाहीतर गाळा लाँड्रीवाल्याला. ती अनामत तिने नऊ वर्षांत टाक्याटाक्याने जमवली होती.

"तीन महिने पैसे नुसते पडून राहणार?" साहेबांनी त्या रात्री विषय काढला.

"राहू देत की. पडून राहिलेले पैसे कुठे जात नाहीत."

"जातात! त्यांची किंमत जाते. तुला ती दिसत नाही, एवढंच."

"मला न दिसणारं जाऊ दे. दिसणारे तीस तारखेला हवेत," बायको म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

साहेबांनी मग तिला महागाई समजावली, चलन समजावलं, दूरच्या देशांतल्या लढाया समजावल्या. ती काज करत होती. शेवटी तिने कपाटातून पाकीट काढून दिलं. पटलं म्हणून दिलं, की झोप आली म्हणून, हे साहेबांनी तपासलं नाही.

आता ते सील प्रकरण. सराफाने चांदीची नाणी काढून काट्यावर ठेवली. साहेबांनी नाण्यांकडे बघायचं की नाही? पण सव्वीस वर्षांची सवय! नजर गेली ती काट्याच्या बुडाशी असलेल्या पडताळणीच्या शिक्क्यावर. मुदत अकरा दिवसांपूर्वी संपलेली.

"अकरा दिवस," साहेब म्हणाले.

"घेऊ की करून, साहेब. तुम्ही आज गिऱ्हाईक म्हणून आलात ना?"

हे वाक्य सराफाने उच्चारायला नको होतं. गिऱ्हाईक म्हणून आलं की निरीक्षक घरी राहतो? डोळे काय खुंटीला टांगून येतो माणूस? साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पिशवीतून तार आणि शिसं काढलं (हो, रविवारीही पिशवीत असतं), काटा जागच्या जागी सील केला, पावती फाडली आणि म्हणाले, "आता द्या वीस नाणी."

"कशावर मोजून देऊ?" सराफाने विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. साहेब बाहेर पडले. तोवर बातमी फोनवरून पुढच्या दुकानांत पोचली होती आणि साहेब जिथे वळतील तिथलं शटर खाली येत होतं. एका दुकानात तर मालकीणबाई आत होत्या, दिवा चालू होता, पंखा फिरत होता, आणि दाराच्या काचेतून त्या साहेबांकडे पाहत 'दुकान बंद आहे' असं हाताने सांगत होत्या. ज्या बाजाराचं गिऱ्हाईक सव्वीस वर्षं फसू दिलं नाही, त्या बाजाराने हे पांग फेडले!

अखेर चार दिवसांनी, सराफाचा काटा दुरुस्त होऊन, शुल्क भरून, साहेबांच्याच सहीने नवा शिक्का बसल्यावर, कॅशियरकाका जाऊन वीस नाणी घेऊन आले. प्रत्येक नाणं दहा ग्रॅमचं, पारदर्शक वेष्टनात बंद. वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, की वेष्टन फोडल्यास माल परत घेतला जाणार नाही.

"डब्यात टाका आणि विसरा," काका म्हणाले.

विसरतील ते मिलीग्रॅमसाहेब कसले? वेष्टनासकट वजन म्हणजे वेष्टनाचं वजन. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, काचेच्या पेटीतल्या प्रमाण तराजूसमोर बसून, त्यांनी कात्रीने विसाच्या वीस वेष्टनं कापली. डाव्या पारड्यात नाणं, उजव्यात वजन. पहिलं नाणं नऊ ग्रॅम नऊशे साठ मिलीग्रॅम. दुसरंही तेवढंच. विसावंही तेवढंच! चाळीस मिलीग्रॅम दर नाण्यामागे कमी. वीस नाण्यांत आठशे. म्हणजे वजनमापे निरीक्षकालाच मापात मारलं, तेही त्याच्याच ताज्या शिक्क्याच्या काट्यावर! सबंध खोलीत साहेब एकटेच होते, तरी ते मोठ्याने म्हणाले, "हा माज आहे."

तिथल्या तिथे तक्रार लिहिली. तक्रारदार: स्वतः. तक्रार स्वीकारणारा निरीक्षक: स्वतः. स्वतःला त्यांनी रीतसर पोच दिली. मग ती घेऊन ते हेडक्लार्कबाईंकडे गेले. या बाई म्हणजे ऑफिसचा कणा, आणि तो वाकत नसे.

"मुद्देमाल?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"तक्रार नाण्यांची आहे ना? मग नाणी मुद्देमालाच्या कपाटात जमा करायची. नियम सतरा. तुम्हीच मागच्या वर्षी भिंतीवर लावलात."

नियम सतरा भिंतीवर होता. खाली साहेबांची सही होती. वीस नाणी कापडी पिशवीत गेली, पिशवीवर लाख पडली, लाखेवर शिक्का पडला, आणि लोखंडी कपाटाला दोन कुलपं लागली. किल्ल्या बाईंच्या कमरेला.

सराफाने नोटिशीला उत्तर दिलं: नाणी जशी टांकसाळीतून आली तशी विकली, खात्री करायची असेल तर वरच्या प्रयोगशाळेत पाठवा. वरच्या प्रयोगशाळेने कळवलं, की नंबर लागायला सात महिने लागतील.

"सात महिने?" बायकोने विचारलं. तिच्या हातात कुणाच्या तरी पँटचा पाय होता. "आणि तीस तारीख?"

"अगं, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"माझा गाळ्याचा आहे."

"आठशे मिलीग्रॅम कमी दिलेत त्याने!"

"म्हणजे केवढं?"

साहेबांनी चिमटीत दाखवलं. चिमूट जवळजवळ बंदच होती. बायकोने त्या चिमटीकडे बघितलं आणि मशीन सुरू केलं. ती ओरडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. मशीनच्या त्या खडखडाटाला काय उत्तर देणार?

यापुढचे दोन महिने साहेबांचे फार अपमानाचे गेले. चांदी वर चढली तेव्हा कॅशियरकाका जिन्यात थांबवून भाव सांगत. "विकली असती तर, साहेब!" चांदी उतरली तेव्हाही थांबवून सांगत. "बरं झालं, विकायला हातात नाही ते!" स्वतः काकांनी चांदी घेतलीच नव्हती, हे याच काळात उघडकीला आलं. त्यांचे पैसे बँकेत होते. "आमची बँक वेगळी हो," ते म्हणाले. मेव्हण्याने फोन करून विचारलं, की दाजी, स्वतःच्याच कपाटातून स्वतःची नाणी काढता येत नाहीत, तर मग सरकारी नोकरीचा फायदा तो काय? साहेबांनी फोन ठेवून दिला. याला म्हणतात सचोटीची किंमत! माणूस सरळ वागला की घरचे, दारचे, वरच्या मजल्यावरचे, सगळे मिळून त्याला वेड्यात काढतात.

अठ्ठावीस तारखेला हेडक्लार्कबाईंनी साहेबांना बोलावलं. वरच्या प्रयोगशाळेला पाठवायचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता.

"रकाना क्रमांक सात रिकामा आहे," बाई म्हणाल्या.

"कुठला सात?"

"पारडी बदलून केलेलं वजन."

ज्यांनी तराजू हाताळले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तराजूची दांडी एका बाजूला केसभर जरी लांब झाली, तरी तराजू खोटं बोलतो. ते पकडायचं कसं? आधी वस्तू डाव्या पारड्यात घालून तोलायची, मग तीच उजव्या पारड्यात. दोन्ही वेळा वजन तेच आलं तर तराजू खरा. खात्यात नवा माणूस आला की साहेब पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवत. आणि वर दम देत, की जो पारडी बदलत नाही त्याने भाजी विकावी.

"बाई, सव्वीस वर्षं झाली मला."

"अर्जाला नाही झाली. रकाना रिकामा असला की अर्ज पुढे जात नाही."

साहेब पाय आपटत तराजूच्या खोलीत गेले. बाईंनी किल्ली फिरवून पिशवी दिली, सही घेतली, घड्याळ बघून वेळ लिहिली. साहेबांनी दार लावून घेतलं. एक नाणं उजव्या पारड्यात ठेवलं, वजन डाव्यात.

दहा ग्रॅम चाळीस मिलीग्रॅम.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा तोललं. दुसरं नाणं घेतलं, तिसरं घेतलं. डावीकडे चाळीस कमी, उजवीकडे चाळीस जास्त. म्हणजे नाणी बरोबर दहा ग्रॅमची. सराफ खरा, काका खरे, टांकसाळ खरी. खोटा एकच, हा काचेच्या पेटीतला. आणि त्याच्या समोर बसलेला.

चूक कशी झाली तेही लगेच लक्षात आलं. नाणी यायच्या आधीच खोलीतला पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने दगडी ओट्यावर चढायला म्हणून तराजू उचलून खिडकीत ठेवला होता, आणि परत आणताना तो कशावर तरी आपटला असणार. पण वायरमनला शिव्या देऊन काय होणार? पारडी बदलायची होती ती वायरमनने नव्हे. नाण्याचं पहिलं वजन कमी आलं आणि साहेब संतापले, आणि संतापलेल्या माणसाला आपलं मोजमाप बरोबरच वाटतं. त्या आनंदात ते पारडी बदलायची विसरले. हो, आनंदच. चोर सापडल्याचा आनंद झाला होता त्यांना. हे आठवलं तेव्हा साहेबांना स्वतःची फार लाज वाटली.

दार बंद होतं. रकाना सात रिकामा होता. तिथे नऊ ग्रॅम नऊशे साठ असं लिहिलं असतं, तर इतक्यात कुणाला पत्ता लागला नसता. अर्ज वर गेला असता, सात महिने पडला असता, तोवर तराजू गुपचूप दुरुस्त करता आला असता आणि मिलीग्रॅम हे नाव शाबूत राहिलं असतं. गाळा काय, गाळे मिळतात. आज पोस्टामागे, उद्या आणखी कुठे. साहेबांनी पेन उघडलंसुद्धा.

आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती आली. दारात त्यांची चाहूल लागली की शिवण अर्धी सोडून उठणारी, मशीन भिंतीला लावून, स्वतःही भिंतीला चिकटून, त्यांना आत यायला वाट देणारी. नऊ वर्षं! आणि आपण एकदाही बाजूने निघून जायचा प्रयत्न केला नाही. सरळ मधून यायचो.

"च्यायला!" साहेब म्हणाले, आणि रकान्यात दहा ग्रॅम चाळीस लिहिलं.

पुढचं सगळं त्यांनी दात-ओठ खात केलं. खात्याच्या प्रमाण तराजूला स्वतःच्या हाताने सील ठोकलं. त्याची नोटीस स्वतःवर काढली आणि स्वतःच स्वीकारली. तो तराजू बिघडल्यापासून ज्या तीन दुकानांना दंड केला होता, त्यांना दंड परत करण्याची पत्रं लिहिली. वरच्या साहेबांना फोन केला. वरचे साहेब म्हणाले, "पारडी बदलली नाहीत? तुम्ही?" त्या 'तुम्ही'मध्ये जे होतं ते साहेब मरेपर्यंत विसरणार नाहीत.

तरीही नाणी सुटेनात. बाईंनी नियम काढला: तक्रार निराधार ठरली तर निरीक्षकाचा शेरा हवा, तक्रारदाराची संमती हवी, आणि ज्याच्यावर तक्रार होती त्याची समक्ष सही हवी. पहिल्या दोन सह्या साहेबांनी एकाच दमात ठोकल्या. तिसरीसाठी तीस तारखेला दुपारी तीन वाजता सराफ ऑफिसात आला. त्याने चांगला धुतलेला शर्ट घातला होता. सोबत, कोणी न बोलावता, कॅशियरकाका.

साहेबांची अपेक्षा होती, की तो चार शब्द सुनावेल. त्याची त्यांनी तयारी केली होती. पण सराफाने सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि म्हणाला, "चालायचंच, साहेब. माणूस आहे. होतं."

यापेक्षा मुस्कटात दिली असती तर परवडलं असतं!

साडेतीन वाजता नाणी हातात आली. पाचच्या आत त्यांचे पैसे व्हायला हवे होते, आणि साहेबांना आपल्या दुकानात शिरू देणारा सराफ शहरात एकच उरला होता. ज्याने आत्ताच सही केली तो. तिघे चालत त्याच्या दुकानात गेले. बायको तिथेच येऊन उभी राहिली होती. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"वेष्टन फोडलेलं आहे," सराफ म्हणाला. "म्हणजे नाणं म्हणून नाही घेता येणार. मोडीच्या भावाने. वर घट धरावी लागेल."

"घट?" साहेब उसळले. "कसली घट? दहा ग्रॅम भरतंय! बरोब्बर दहा ग्रॅम, आता मी स्वतः..."

"वितळवताना जाते थोडी. सगळेच धरतात."

साहेबांना या घटीवर निदान अर्धा तास बोलता आलं असतं. कायद्याचं कलम पाठ होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती घड्याळाकडेच बघत होती. चार वाजून दहा मिनिटं. साहेबांनी कलम गिळलं. सव्वीस वर्षांत गिळलेलं पहिलं कलम, आणि ते घशाखाली उतरायला फार जड गेलं.

"धरा," ते म्हणाले. "धरा काय धरायची ती."

सराफाने नाणी काट्यावर ठेवली आणि काटा साहेबांकडे वळवला. साहेबांनी मान फिरवली आणि ते रस्त्याकडे बघत उभे राहिले. कॅशियरकाका आकडा मोठ्याने वाचू लागले, तर साहेब त्यांना म्हणाले, "काका, गप्प बसा हो."

पैसे हातात आले. भाव उतरलेला, मोड धरलेली, घट कापलेली. अनामतीला कमी पडत होते. फार नाही, पण गाळ्याचा मालक काही सराफासारखा 'होतं' म्हणणारा नव्हता. साहेब दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, कमी पडतायत. माझ्यामुळे कमी पडतायत. मी चुकलो." हे शब्द त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारले होते, त्यामुळे ते त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटले.

बायकोने पर्समधून एक लहानसं पाकीट काढलं, पैसे काढून मोजले, साहेबांच्या हातातल्या गड्डीत घातले आणि गड्डी आपल्याकडे घेतली. आता बरोबर होते.

"हे कुठून आले?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही चांदी घेऊ म्हणालात ना, त्याच रात्री बाजूला काढून ठेवले होते."

हळूहळू साहेबांच्या चेहऱ्यावर जुना रंग चढायला लागला.

"म्हणजे? तुझा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"होता की," बायको पायरी उतरत म्हणाली. "नाहीतर सगळेच काढले असते."

आणि ती पोस्टाच्या दिशेने झपाझप चालू लागली. साहेब रागाने काहीतरी बोलत तिच्या मागोमाग निघाले, पण फुटपाथ अरुंद होता, म्हणून समोरून कोणी आलं की ते बाजूला होऊन उभे राहत होते.